कॅडमध्ये पहिला भाग : एल-ब्रॅकेट मापांसकट कसा उभा करावा

कॅड, म्हणजे संगणकावर भागांचे आरेखन करणे, शिकायला बसलेला विद्यार्थी बहुधा पहिल्याच आठवड्यात गिअर, इंजिन किंवा एखादे आकर्षक यंत्र काढू पाहतो. हौस चांगली आहे, पण शिकण्यासाठी साधा, रोजच्या वापरातला आणि हातात धरून मोजता येणारा भाग घेतलेला बरा. नागपुरात असा भाग शोधायला दूर जावे लागत नाही. उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या डेझर्ट कूलरचा स्टँड किंवा त्याच्या पंख्याची मोटर धरून ठेवणारा लोखंडी एल-ब्रॅकेट, म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पट्टी, कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात पाहायला मिळतो, आणि हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाल्यावर नवख्या ड्राफ्ट्समनच्या हाती सुरुवातीला येणारे कामही बहुतेक याच जातीचे असते. या लेखात तोच ब्रॅकेट फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये तयार करू. फ्रीकॅड २००२ पासून मोफत उपलब्ध आहे आणि त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. सॉलिडवर्क्स किंवा अन्य सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांनाही क्रम हाच ठेवता येईल, फक्त बटणांची नावे बदलतील.

कामाला लागण्यापूर्वी एक कसोटी ठरवून घ्यावी. पडद्यावर भाग हुबेहूब दिसला म्हणजे मॉडेल चांगले झाले, असे समजू नये. एखादे माप बदलल्यावर बाकीचा भाग न मोडता स्वतःला सावरून घेतो, ते मॉडेल चांगले. आज ५ मिमी जाडीची पट्टी ठरली आणि उद्या ग्राहकाने ६ मिमी मागितली, तर एका आकड्याच्या बदलाने काम व्हायला हवे. पुढची प्रत्येक पायरी याच कसोटीसाठी आहे.

सुरुवात संगणकावर न करता कागदावर करावी. प्रत्यक्ष ब्रॅकेट हाती असेल तर व्हर्नियर कॅलिपरने मापे घ्यावीत आणि हाताने काढलेल्या कच्च्या आकृतीवर ती लिहावीत. आपल्या उदाहरणात आडवी बाजू बाहेरून ६० मिमी, उभी बाजू बाहेरून ५० मिमी, रुंदी ४० मिमी, जाडी ५ मिमी आणि बेंडची आतली त्रिज्या ५ मिमी धरू. आडव्या बाजूला एम८, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या, बोल्टसाठी दोन भोके आणि उभ्या बाजूला वर-खाली सरकवण्यासाठी एक लांबट खाच हवी. एम८ बोल्टसाठी आरपार भोक ८ मिमीचे ठेवत नाहीत, सर्वसाधारण कामासाठी ते ९ मिमी ठेवतात. भोकात आटे पाडायचे असतील तर ड्रिल ६.८ मिमीचा लागतो. या दोन आकड्यांची गल्लत नवशिक्यांकडून फार होते.

दुकानात मापे विचारताना आणखी एक काळजी घ्यावी. जुने कारागीर अजूनही सुतात बोलतात, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. ‘अडीच सुताचा बोल्ट’ म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिमी, जो व्हर्नियरवर जवळपास एम८ सारखाच दिसतो. आटे मात्र वेगळे असतात : एम८ चा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांतील अंतर, १.२५ मिमी, तर व्हिटवर्थ या जुन्या इंची पद्धतीच्या ५/१६ चे इंचात १८ आटे, म्हणजे सुमारे १.४१ मिमी. त्यामुळे बोल्टचा व्यास मोजून थांबू नये, आटेही तपासावेत.

आता फ्रीकॅडमध्ये पार्ट डिझाइन हा विभाग उघडून नवी बॉडी, म्हणजे भागाचा रिकामा साचा, तयार करावी आणि एक्स-झेड प्रतलावर पहिले स्केच, म्हणजे सपाट आकृती, घ्यावे. भागाचा आकार ज्या दिशेने सर्वांत स्पष्ट दिसतो, ती दिशा पहिल्या स्केचसाठी निवडावी, आणि ब्रॅकेट बाजूने पाहिला की त्याचा एल लगेच ओळखू येतो. पॉलिलाइन या सलग रेषा काढणाऱ्या साधनाने सहा रेषांचा बंद एल काढावा. बाहेरचा कोपरा मूळबिंदूवर असावा, आडवी बाजू उजवीकडे आणि उभी बाजू वर जावी. या वेळी मापांकडे लक्ष देऊ नये, आकार ढोबळ असला तरी चालतो.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. स्केचला बंधने, म्हणजे कन्स्ट्रेंट, घालताना आकडेमोड समजून घेतली तर अंदाजाने बटणे दाबत बसावे लागत नाही. एलला सहा कोपरे आहेत आणि प्रत्येक कोपऱ्याचे दोन निर्देशक, म्हणजे एकूण बारा मोकळीका. तीन रेषा आडव्या आणि तीन उभ्या असे सांगितले की सहा मोकळीका संपतात. बाहेरचा कोपरा मूळबिंदूला जोडला की आणखी दोन जातात. उरतात चार. त्यांपैकी तीन ६०, ५० आणि ५ या मापांनी भागतात. चौथीसाठी पुन्हा ५ लिहिण्याचा मोह टाळावा आणि दोन्ही टोकांच्या रेषा समान आहेत असे बंधन घालावे, कारण पट्टी एकच आहे आणि तिची जाडी दोन ठिकाणी वेगळी असू शकत नाही. असे केल्याने जाडीचा आकडा मॉडेलमध्ये एकाच जागी राहतो. सर्व मोकळीका संपल्या की मूळ रंगयोजनेत स्केच हिरवे होते. ते हिरवे झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण मोकळी राहिलेली रेषा नंतर कधीतरी नकळत सरकते आणि ते भोके जुळत नाहीत तेव्हाच लक्षात येते.

स्केच बंद करून ४० मिमीचा पॅड द्यावा, म्हणजे सपाट आकृतीला तेवढी रुंदी द्यावी, मात्र तो प्रतलाच्या दोन्ही बाजूंना सममित असावा. त्यामुळे भागाची मध्यरेषा आपोआप मूळ अक्षावर येते आणि भोके मांडताना रुंदीचा हिशोबच उरत नाही.

आडव्या बाजूच्या भोकांसाठी एक्स-वाय प्रतलावर नवे स्केच घ्यावे. भागाच्या पृष्ठभागावर क्लिक करून स्केच काढणे सोपे वाटते, पण आधीच्या पायरीत बदल झाला की पृष्ठभागाची ओळख बदलू शकते आणि त्यावर उभे असलेले सारे कोसळते. १.० आवृत्तीत ही अडचण बरीच कमी झाली असली तरी मूळ प्रतलांचा आधार घेण्याची सवय सुरुवातीलाच लावलेली चांगली. दोन वर्तुळे काढून ती समान ठरवावीत, एकाला ९ मिमी व्यास द्यावा, केंद्रे एक्स अक्षाच्या दोन्ही बाजूंना सममित ठेवून त्यांच्यात २० मिमी अंतर द्यावे आणि उभ्या बाजूच्या बाहेरील पृष्ठभागापासून ती ४० मिमीवर ठेवावीत. मग आरपार पॉकेट द्यावा, म्हणजे वर्तुळांच्या आकाराचा भाग कापून काढावा. येथे अनेकांना वाटते की सॉफ्टवेअर बिघडले, कारण काहीच कापले जात नाही किंवा त्रुटीचा संदेश येतो. कारण साधे आहे : पॉकेट प्रतलाच्या खालच्या दिशेने जातो आणि आपला ब्रॅकेट प्रतलाच्या वर आहे. दिशा उलट करण्याचा पर्याय निवडला की काम होते.

खाचेसाठी हेच वाय-झेड प्रतलावर करावे : रुंदी ९ मिमी, दोन अर्धवर्तुळांच्या केंद्रांत १२ मिमी, आणि खाचेचा मध्य तळापासून ३२ मिमी उंचीवर. दिशा येथेही उलट करावी लागते.

बेंडची गोलाई शेवटी द्यावी. आतल्या कडेला ५ मिमी फिलेट (कडेची गोलाई) आणि बाहेरच्या कडेला १० मिमी. दोन्हीकडे सारखीच त्रिज्या देणे ही सर्रास दिसणारी चूक आहे, तिच्यामुळे बेंडपाशी पट्टी जाड होते, आणि वाकवलेली पट्टी तशी कधीच नसते. बाहेरची त्रिज्या म्हणजे आतली त्रिज्या अधिक जाडी, म्हणून १० हा आकडा थेट न टाकता हे सूत्रच तेथे लिहावे.

आता कसोटी घ्यावी. पहिल्या स्केचमधील जाडी ५ ऐवजी ६ करावी. आतली गोलाई ५ राहून बाहेरची ११ झाली, भोके आपल्या जागी राहिली आणि कोठेही लाल खूण आली नाही, तर मॉडेल पक्के आहे. मग जाडी पुन्हा ५ वर आणून वजनही ताडून पाहावे. गोलाई आणि भोके सोडून एलचे क्षेत्रफळ ५२५ चौरस मिमी, गुणिले ४० म्हणजे २१,००० घन मिमी. पोलादाची घनता प्रति घन सेंमी ७.८५ ग्रॅम धरली तर सुमारे १६५ ग्रॅम होतात. गोलाई, भोके आणि खाच वजा केल्यावर उत्तर १४८ ग्रॅमच्या आसपास यायला हवे. कॅडने दिलेल्या घनफळावरून फार वेगळे वजन निघाले, तर कोठेतरी माप किंवा एकक चुकले आहे.

वर्कशॉपला फाइल देताना स्टेप या स्वरूपात द्यावी, ते बहुतेक कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडते. एसटीएल स्वरूपातली फाइल फक्त थ्रीडी प्रिंटिंगसाठी ठेवावी, कारण तिच्यात खरी वक्र पृष्ठे नसून त्रिकोणांचे जाळे असते. सोबत मापांचे रेखाचित्र हवेच, आणि ते आपल्याकडील प्रथेप्रमाणे फर्स्ट अँगल प्रक्षेपणात (वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली मांडण्याची पद्धत), त्याच्या चिन्हासह असावे. थर्ड अँगल प्रक्षेपण चुकून निवडले गेले तर दृश्यांच्या जागा बदलतात आणि खाच भलत्या बाजूला पडू शकते. पट्टी कापून वाकवायची असेल तर सरळ लांबी ६० अधिक ५० अशी ११० मिमी धरू नये. बेंडमधल्या उदासीन रेषेचा, म्हणजे वाकवताना न ताणल्या न आवळल्या जाणाऱ्या रेषेचा, गुणांक ०.४ ते ०.४५ मानला तर कापायची लांबी सुमारे १०१ ते १०१.४ मिमी येते. नेमका आकडा ज्या प्रेसवर पट्टी वाकवली जाणार आहे तेथील कारागिराला विचारून, एक नमुना वाकवून आणि मोजूनच रेखाचित्रात लिहावा.