फ्रिओचा कोअर तपासायला बसण्याआधी

टेक्ससच्या आखाती किनाऱ्याखाली फ्रिओ नावाचा ऑलिगोसीन काळातला थरसमूह आहे, वालुकाश्म आणि पंकाश्म (चिखलाचा झालेला खडक) एकाआड एक रचलेला. त्याचा कोअर, म्हणजे तेलविहीर खणताना काढलेला खडकाचा दंडगोल, बघायला निघालात, तर हातोडा आणि भिंग पिशवीत टाकण्याआधी त्या विहिरीचा तापमानाचा आलेख काढून घ्या. पंकाश्मातल्या स्मेक्टाइट या मातीच्या खनिजाचं इलाइट हे दुसरं खनिज होतं ते मुख्यतः तापमान आणि काळ यांमुळे. नुसता खोलीचा आकडा फसवतो. विहिरीत मोजलेलं तापमानही खरं नसतं, ड्रिलिंगच्या चिखलाने खडक गार झालेला असतो. दुरुस्ती करूनच वापरा.

मग ड्रिलिंगच्या चिखलाचा अहवाल मागा. हे कंटाळवाणं काम बहुतेक जण टाळतात आणि नंतर पस्तावतात. त्या चिखलात बेंटोनाइट असतं, म्हणजे स्मेक्टाइटच! काही विहिरींत पोटॅशियम क्लोराइड, बऱ्याच ठिकाणी बराइट हे जड खनिज. तुम्ही पोटॅशियमचा हिशोब मांडणार आणि ते बाहेरूनच मुरलेलं असणार. म्हणून कोअरची बाहेरची कड खरवडून टाकायला सुरी न्या.

नमुने जोडीने घ्या. माझा हट्ट एवढ्यापुरताच. वाळूचा एक तुकडा घेतला की त्याला लागून असलेल्या पंकाश्माचा एक आणि त्याच पंकाश्माच्या थराच्या पोटातला एक. इलाइट होताना पंकाश्म पोटॅशियम घेतो आणि सिलिका, कॅल्शियम, सोडियम, लोह, मॅग्नेशियम व पाणी मोकळं करतो. यातलं शेजारच्या वाळूत किती गेलं, हाच वाद आहे. हॉवर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये आखाती किनाऱ्यावरच्या एका विहिरीत २००० ते ३७०० मीटरच्या दरम्यान मिश्रथरी (स्मेक्टाइट-इलाइट) खनिजातलं इलाइट सुमारे २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलेलं दाखवलं. लागणारं पोटॅशियम पंकाश्मातल्याच फेल्स्पार या खनिजातून आलं, म्हणजे व्यवहार बराचसा घरातल्या घरात, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९९७ मध्ये लँड आणि सहकाऱ्यांनी दक्षिण टेक्ससमध्ये नेमकं उलट वाचलं: पोटॅशियम बाहेरून आत आलं, कॅल्साइट (चुन्याचं खनिज) बाहेर गेलं. इकडे खोलवरच्या वाळूतला पोटॅश फेल्स्पार विरघळलेला आणि प्लेजिओक्लेज या दुसऱ्या फेल्स्पारचा अल्बाइट (सोडियमचा फेल्स्पार) झालेला दिसतो. एकाच बाजूचं खातं उघडून जमाखर्च कसा जुळणार?

थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायची खडकाची पातळ चकती) करायला देताना चिठ्ठीवर दोन गोष्टी ठळक लिहा: छिद्रांत निळं इपॉक्सी (राळ) भरा आणि वर काच चिकटवू नका. काच चिकटवली की फेल्स्पार रंगवता येत नाही. सोडियम कोबाल्टिनायट्राइटने पोटॅश फेल्स्पार पिवळा होतो, पण त्याआधी हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ द्यावी लागते. या आम्लाने भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर त्याच्या बाटलीचं झाकण उघडू नका. कॅल्साइटसाठी अलिझरीन रेड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पुरतं.

पंकाश्माची पूड टंगस्टन कार्बाइडच्या गिरणीत करू नका, नमुन्यात टंगस्टन आणि कोबाल्ट उतरतात. एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी खनिज ओळखायची चाचणी) दोन मायक्रॉनखालचा भाग वेगळा काढा. एकदा हवेत सुकवून आणि एकदा एथिलीन ग्लायकॉल देऊन, असा दोनदा चालवा.

एक अडचण आधीच सांगतो. कंपन्यांना तेल वाळूत हवं असतं, त्यामुळे पंकाश्माचा कोअर तुटपुंजा आणि बहुधा भुगा झालेला मिळतो. छोट्या पिशव्या जास्त न्या. कटिंग्जवर (ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर वर आलेल्या खडकाच्या तुकड्यांवर) भागवायची वेळ आली तर वरच्या थरांतून ढासळलेले तुकडे त्यात मिसळलेले असणार हे धरून चला. पेट्यांवरची खोली फुटांत असते आणि ती लॉगच्या (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदीच्या) खोलीशी काही फुटांनी जुळत नाही. गॅमा लॉगची (खडकांच्या किरणोत्साराच्या नोंदीची) प्रत सोबत ठेवा आणि पहिला नमुना काढण्याआधी ती तफावत पेन्सिलीने वहीत लिहून टाका.