अन्नप्रक्रिया प्लांटसाठी सॅनिटरी रोटरी एअरलॉक व्हॉल्व्ह कसा निवडावा

रोटरी एअरलॉक व्हॉल्व्हमध्ये हाउसिंग म्हणजे बाहेरच्या कवचात पात्यांचा रोटर फिरतो; पात्यांमधल्या कप्प्यांतून हॉपरमधला माल खालच्या लाइनमध्ये सुटतो आणि हवा शक्यतो अडते. त्याची मागणी नोंदवताना बहुतेक ठिकाणी आधी क्षमता विचारली जाते: ताशी किती टन माल सोडायचा आणि हॉपरच्या तोंडाचा व्यास किती. सिमेंट किंवा राखेच्या कामात ते पुरेसे असते. दूध पावडर, बेबी फूड, कोको किंवा प्रथिनांची पावडर हाताळायची असेल, तर मात्र हा व्हॉल्व्ह कोण, कशाने आणि किती वेळा साफ करणार, हे आधी ठरवावे. निवडीतल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्या उत्तरावरून ठरतात.

पावडर कोरडी आहे आणि त्या विभागात पाणी आणले जात नाही, असे असेल तर धुता येणारा व्हॉल्व्ह घेऊन फायदा नाही. उलट धोका वाढतो. सॅल्मोनेला आणि क्रोनोबॅक्टर हे जिवाणू कोरड्या पावडरीत दीर्घकाळ तग धरतात आणि एखाद्या फटीत ओलसर पावडर राहिली की तिथे वाढू लागतात. अशा ठिकाणी रुळांवरून रोटर बाहेर सरकवता येणारी, पान्याशिवाय उघडणारी रचना घ्यावी, म्हणजे ब्रश, व्हॅक्यूम आणि पुसण्याचे कापड यांवर काम भागते. एकाच लाइनवर ॲलर्जन असलेला आणि नसलेला माल आलटून पालटून चालत असेल, तर उघडणे, साफ करणे आणि परत जोडणे हे सगळे एका ऑपरेटरकडून होते की नाही, ते खरेदीपूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे. ज्या व्हॉल्व्हला उघडायला दोन माणसे आणि क्रेन लागते, तो घाईच्या पाळीत उघडला जात नाही.

ओली सफाई अपरिहार्य असेल तर सीआयपीसाठी, म्हणजे न उघडता जागेवरच आतून धुण्यासाठी, बनवलेला व्हॉल्व्ह लागतो. धुताना रोटर सावकाश फिरत राहिला पाहिजे, नाहीतर काही कप्प्यांपर्यंत फवारा पोहोचत नाही. एंड प्लेटच्या (हाउसिंगच्या टोकाच्या झाकणाच्या) बाजूला पाणी साचता कामा नये आणि नंतर वाळवण्याची सोय हवी. ‘सीआयपी योग्य’ या शिक्क्यावर विसंबू नये. आतून रायबोफ्लेविनचे द्रावण फवारून, ठरलेल्या पद्धतीने धुऊन, अतिनील दिव्याखाली पाहण्याची चाचणी विक्रेत्याकडे मागावी; जिथे चमक उरते तिथे पाणी पोहोचलेले नसते.

गरम पाण्याने धुताना अडचण येते ती रोटर आणि हाउसिंगमधल्या फटीमुळे. ही फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. ३०० मिलिमीटर व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा रोटर हाउसिंगपेक्षा ४० अंश सेल्सिअसने जास्त तापला, तर त्याचा व्यास जवळपास ०.२ मिलिमीटरने, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.१ मिलिमीटरने वाढतो. अर्धी ते जवळजवळ सगळी फट तिथेच संपते आणि स्टेनलेसवर स्टेनलेस घासले की पृष्ठभाग खरवडून रोटर जाम होतो. म्हणून उत्पादनाचे आणि धुलाईचे कमाल तापमान मागणीपत्रात लिहावेच, आणि धुतल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण थंड झाल्याशिवाय पूर्ण वेगाने चालवू नये.

धातूबद्दल फार घोळ नको. मीठ, आम्ल किंवा क्लोरीनयुक्त क्लीनर असेल तर ३१६एल प्रतीचे स्टेनलेस स्टील, एरवी ३०४ चालते. मालाला लागणाऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असावा. मात्र प्रमाणपत्रावरचा आकडा बहुतेकदा सपाट भागावर मोजलेला असतो. हाउसिंग उघडून पाते शाफ्टला जिथे जोडले आहे त्या कोपऱ्यातून बोट फिरवावे: वेल्ड गुळगुळीत घासलेले आणि कोपरा गोलाई दिलेला असेल तर बोट न अडखळता सरकते. चरबी किंवा साखर जास्त असलेल्या पावडरी नेमक्या याच कोपऱ्यात थापल्या जातात, म्हणून त्यांच्यासाठी उथळ, गोलाकार कप्प्यांचा रोटर घ्यावा. कप्प्याचे माप थोडे घटते, पण माल पूर्ण सुटतो.

शाफ्ट सील हा भाग कोटेशनमध्ये एका ओळीत उरकलेला असतो, आणि त्रास सर्वांत जास्त तोच देतो. शाफ्टची बेअरिंग व्हॉल्व्हच्या हाउसिंगबाहेर, सीलपासून अंतर राखून बसवलेली असावीत. मधल्या मोकळ्या जागेत पावडर दिसली की सील गेले हे ऑपरेटरला लगेच कळते आणि ग्रीस मालापर्यंत पोहोचत नाही. बारीक पावडरीसाठी सीलमध्ये लाइनच्या दाबापेक्षा किंचित जास्त दाबाची, गाळलेली कोरडी हवा सोडतात. ग्रीस एच१ वर्गातले, म्हणजे अन्नाला चुकून लागले तरी चालणारे, हवे. सील आणि गॅस्केटच्या रबराला अन्नसंपर्काची मान्यता हवी, म्हणजे अमेरिकेत २१ सीएफआर १७७.२६०० आणि युरोपात नियम १९३५/२००४ यांनुसार. शक्य असेल तिथे मेटल डिटेक्टरला सापडणारे निळे साहित्य मागावे.

आता क्षमता. समजा एका फेऱ्यात २० लिटर माल मावतो आणि रोटर मिनिटाला २० फेरे घेतो. तासाला २४ घनमीटर होतात, आणि बल्क डेन्सिटी (सैल ओतलेल्या मालाची घनता) ५०० किलो प्रति घनमीटर धरली तर कागदावर १२ टन. प्रत्यक्षात कप्पे पूर्ण भरत नाहीत. ६० टक्के भरले तर ७.२ टनच हाती येतात. शिवाय खालच्या लाइनमधला दाब फटीतून आणि रिकाम्या परतणाऱ्या कप्प्यांतून हवा वर ढकलतो. त्या हवेने पावडर फुगते, डेन्सिटी घटते आणि कप्पे आणखी कमी भरतात. अशा वेळी वेग वाढवणे हा सुचणारा उपाय असला तरी एका मर्यादेनंतर भरण्याला वेळच उरत नाही. मोठा व्हॉल्व्ह सावकाश चालवावा आणि वर येणाऱ्या हवेला फिल्टरकडे जाणारी व्हेंट लाइन द्यावी. दाबातला फरक जास्त असेल तर सहाऐवजी आठ किंवा दहा पात्यांचा रोटर गळती कमी करतो, पण कप्पे अरुंद होतात, त्यामुळे चिकट मालाला तो मानवत नाही.

बहुतेक अन्न पावडरींची धूळ स्फोटक असते. व्हॉल्व्हने ज्वाळा अडवाव्यात अशी अपेक्षा असेल, तर ती लेखी प्रमाणित हवी. अमेरिकेच्या एनएफपीए ६९ या मानकानुसार प्रत्येक बाजूला किमान दोन पाती सतत हाउसिंगलगत असावी लागतात, फट ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि पाती धातूचीच लागतात. म्हणजे मऊ टोकाची पाती बसवलेला व्हॉल्व्ह इथे बाद होतो, मग तो कितीही कमी गळत असो.

रोटर हाउसिंगला घासला तर धातूचा कीस थेट मालात जातो, त्यामुळे वर चुंबक आणि पुढे मेटल डिटेक्टर असूनही संपर्क झाल्याक्षणी मोटर बंद करणारी विद्युत यंत्रणा घेण्यासारखी आहे. झाकण उघडताच पुरवठा तोडणारा इंटरलॉक तर पर्याय म्हणून विचारूच नये. या पात्यांच्या कडा बोटे कापतात.

व्हॉल्व्ह आल्यावर बसवण्याआधी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्रत्येक पात्याची फट दोन्ही टोकांना आणि मध्यभागी मोजून तारखेसह नोंदवावी. पुढे भरण कमी होऊ लागले, तर झीज झाली आहे की व्हेंट लाइन तुंबली आहे, हे त्या नोंदीशी ताडून ठरवता येते.