दिवाळीआधीचे वीस दिवस आणि ‘जमवू की’ : या चुका टाळा

दसऱ्याला आपट्याची पाने वाटून झाली की लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येपर्यंत वीस तिथ्या उरतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या सोलापूरकर तरुणाच्या वाट्याला या वीस दिवसांत काय काय येते, ते मी सात वर्षे अनुभवले आहे. पाचव्या दिवशी कोजागरी, मग कंपनीतला ‘ट्रॅडिशनल डे’, टीमचे जेवण, सोसायटीतली रांगोळी स्पर्धा, नोकरी बदलणाऱ्या सहकाऱ्याचा निरोप आणि तुळशीच्या लग्नानंतर ज्यांचे मुहूर्त धरले आहेत अशा मित्रमैत्रिणींची केळवणे. आता मी सोलापुरातच होटगी रस्त्यावरच्या एका कार्यालयात काम करतो, त्यामुळे हीच धावपळ दुसऱ्या टोकाने, म्हणजे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मित्रांची वाट पाहणाऱ्याच्या बाजूनेही पाहायला मिळाली. दोन्हीकडून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की या दिवसांतला बहुतेक गोंधळ ‘जमवू की’ या दोन शब्दांतून निघतो.

‘जमवू की’ हे उत्तर समजणे

आमच्या सोलापुरी बोलण्यातला हा ‘की’ मोठा गोड आहे. ‘ये की’, ‘बस की’, ‘अजून एक घे की’ असे कोणी म्हटले की नाही म्हणायची सोय उरत नाही. परंतु हाच ‘की’ आमंत्रणाच्या उत्तरात आला, की ऐकणाऱ्याला तो होकार वाटतो आणि बोलणाऱ्याला मात्र आपण अजून मोकळेच आहोत असे वाटत राहते.

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी मी हे दोन ठिकाणी म्हटले होते. कार्यालयाचे दिवाळीचे जेवण एका हॉटेलात होते आणि त्याच संध्याकाळी भवानी पेठेत एका मित्राच्या आईने आमच्या दुसऱ्या मित्राचे केळवण ठेवले होते. ‘आधी इकडे तोंड दाखवू, मग तिकडे जाऊ’ असा माझा हिशेब होता. हॉटेलातली भाषणे लांबली, त्यानंतर बक्षिसे सुरू झाली, आणि मी भवानी पेठेत पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ज्याचे केळवण होते तो घरी निघून गेला होता. जेवणाच्या खोलीत एकच पाट मांडलेला होता, त्याभोवतीची रांगोळी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी एका बाजूने पुसली गेली होती आणि ताटावर दुसरे ताट पालथे घातले होते. काकूंनी ते उचलले, तर आतल्या वाफेने पापड मऊ पडलेला आणि पुरणपोळीची कड वातड झालेली. ‘जेवून आलास काय?’ एवढेच त्यांनी विचारले. मी ‘नाही हो काकू’ असे खोटे बोललो आणि हॉटेलातल्या पनीरवर दोन पुरणपोळ्या चढवल्या. रात्रभर पोट तर दुखलेच, पण त्याहून जास्त दिवस ती पुसलेली रांगोळी डोळ्यांपुढे राहिली.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. आमंत्रण आले की दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपर्यंत तारीख आणि वेळ सांगून उत्तर द्यायचे. ‘येतो, पण नऊला निघावे लागेल’ हे चालते. ‘यंदा नाही जमत, भाऊबीज झाली की घरी येतो’ हेही चालते, फक्त नंतर खरोखर गेले पाहिजे. नकार स्पष्ट असला तर कोणी फारसे मनाला लावून घेत नाही. राग येतो तो झाकून ठेवलेल्या ताटाचा.

दोन ठिकाणी होकार देऊन बसलाच असाल, तर काय सोडायचे हे ठरवायची एक सोपी कसोटी आहे. जिथे तुमच्या नसण्याने एक खुर्ची रिकामी दिसेल ते ठेवावे आणि जिथे साठ माणसांत एकसष्टावा म्हणून जाणार आहात ते सोडावे. आपण बहुतेक वेळा उलटे करतो, कारण साठ माणसांत साहेब असतात. नकार कळवण्याची वेळही महत्त्वाची आहे. घरचे जेवण असेल तर यजमान बाजारात जाण्याआधी, निदान आदल्या संध्याकाळी सांगावे, आणि ताटांच्या हिशेबाने ठरवलेला कार्यक्रम असेल तर केटररला आकडा जाण्याआधी. दोन्ही वेळा फोन करावा. ग्रुपवर हात जोडल्याचे चित्र टाकणे म्हणजे कळवणे नव्हे.

तिकिटाचा विचार दसऱ्यानंतर करणे

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि या ६० दिवसांत प्रवासाचा दिवस धरत नाहीत. भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून धनत्रयोदशीपर्यंत साधारण बावन्न-त्रेपन्न दिवस होतात. म्हणजे धनत्रयोदशीच्या गाडीचे आरक्षण गणपती बसण्याच्या आठवडाभर आधी उघडते. २०२६चेच पाहा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे शुक्रवारी ६ तारखेला निघायचे तर आरक्षण ७ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता उघडणार, आणि गणपती येणार १४ सप्टेंबरला. मखराचा थर्माकोल बंद झाल्याची चर्चा घरात चालू असते, तेव्हाच दिवाळीचे तिकीट काढायचे असते.

परतीचे तिकीट विसरणे ही त्याहून मोठी चूक. जाताना लोक दोन-तीन दिवसांत विभागून निघतात, परंतु परतताना भाऊबीज झाली की सगळे एकाच रात्री निघतात. परतीचे आरक्षण काही दिवस उशिरा उघडते, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर वेगळी लिहून ठेवावी लागते.

वेळ निघून गेलीच असेल, तर पुढील गोष्टी करून पाहाव्यात. सोलापूरकर सवयीने हुतात्मा, इंद्रायणी, सिद्धेश्वर आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत एवढ्याच गाड्या पाहतो. पुण्याहून सोलापूरमार्गे पुढे जाणाऱ्या उद्यान, कोणार्क यांसारख्या गाड्यांचे त्याच्या मनातही येत नाही. तिथे कधीकधी जागा निघते. तत्काळ आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांसाठी दहाला आणि इतरांसाठी अकराला उघडते. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि ही जोडणी दहाला पाच मिनिटे कमी असताना करायला बसणारे माझ्या ओळखीत निदान तिघे आहेत. ऑनलाइन काढलेले प्रतीक्षा यादीतले तिकीट चार्ट लागल्यावरही निश्चित झाले नाही, तर ते आपोआप रद्द होते. ते दाखवून आरक्षित डब्यात चढता येत नाही, म्हणून अशा तिकिटाच्या भरवशावर स्वारगेटची एसटी सोडून देऊ नये.

पार्टीनंतर त्याच रात्री गाडी काढणे

कंपनीचे जेवण आटोपून रात्री अकराला निघायचे, ‘रस्ता मोकळा मिळतो, पहाटे घरी’ असा बेत दरवर्षी कोणीतरी करतो. मद्य घेतलेले असेल तर विषयच संपला. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु थेंबही न घेतलेल्या माणसासाठीसुद्धा हा बेत वाईटच आहे. वीस दिवसांची जागरणे अंगात असतात, भिगवण मागे पडले की डोळे जड होऊ लागतात, आणि पुढे इंदापूर-टेंभुर्णीच्या पट्ट्यात या दिवसांत कारखान्यांचे गाळप सुरू होण्याच्या बेतात असते किंवा झालेले असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर अंधारात समोर येतो तेव्हा आधी काहीच दिसत नाही. एकदम ऊसच दिसतो. झोप घेऊन पहाटे पाचला निघावे. फार तर पहिला चहा घरी मिळण्याऐवजी मोहोळला मिळेल.

कॉन्ट्रीचा हिशेब नंतरवर ढकलणे

पैशांच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. एकाने कार्डावर बिल भरायचे आणि बाकीच्यांनी ‘पाठवतो रे’ म्हणायचे, ही पद्धत एका जेवणाला ठीक असते. अशी सहा जेवणे झाली की कोणी कोणाला किती द्यायचे ते कोणालाच आठवत नाही, आणि मागायला लाज वाटणारा माणूस गप्प बसून नुकसान सोसतो. टेबलावरून उठण्याआधी यूपीआयने रक्कम पाठवून मोकळे व्हावे. न पिणाऱ्याने बिलाची विभागणी वेगळी व्हावी हे ऑर्डर देण्याआधी सांगावे; बिल आल्यावर सांगितले की तो कंजूष ठरतो. दुसरी गोष्ट, क्रेडिट कार्डाच्या बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरली की काम भागले असे समजू नये. उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांना महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागते आणि पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे कोजागरीच्या आटीव दुधाचे पैसे संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेपर्यंत फिटत नाहीत.

रजेबाबत एवढेच, की टीममध्ये सर्वांनाच दिवाळी असते आणि जो पहिला अर्ज करतो त्याची रजा पहिली मंजूर होते. तिकीट काढले त्याच दिवशी अर्ज टाकावा.

सोलापुरातले चार दिवस सात दिवसांचे समजणे

इथे मी वाट पाहणाऱ्याच्या बाजूने लिहितो. पुणे, मुंबई, हैदराबाद आणि बंगळुरूला पांगलेले आमचे शाळेतले बारा जण धनत्रयोदशीच्या आसपास गावात असतात. ग्रुपवर महिनाभर आधी बेत ठरतात, त्यांत सिद्धेश्वर मंदिरातली पहाट असते, धर्मवीर संभाजी तलावावरची चक्कर असते आणि कोणाच्या तरी शेतावरचे जेवणही असते. प्रत्यक्षात नरक चतुर्दशीची पहाट अभ्यंगस्नानात जाते आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांची वहीपूजनात. पाडव्याला ज्यांची नुकतीच लग्ने झाली आहेत ते सासुरवाडीला असतात, आणि भाऊबीज बहिणीची. दर वर्षी शेवटी कोणीतरी स्टेशनवर गाडीच्या खिडकीतून हात हलवत ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणतो.

यावर आम्हाला लागू पडलेला उपाय असा. सर्वांनी एकत्र भेटण्याची एकच वेळ धरायची, आणि ती लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आठ ते दहा. त्या वेळेवर बहुधा कोणाचा हक्क नसतो, पूजेची तयारी दुपारनंतर सुरू होते आणि आदल्या रात्रीच्या गाडीने आलेलेही तोवर झोपून उठलेले असतात. ज्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतात, त्या वर्षी ही सकाळ हातची जाते आणि मग धनत्रयोदशीची संध्याकाळ धरावी लागते. बाकीच्या भेटी दोघा-तिघांच्या, जमतील तशा.

याच चार दिवसांत खरेदी ठेवणे हीसुद्धा चूकच. धनत्रयोदशीला संध्याकाळी नवी पेठेत चारचाकी घालणाऱ्याला गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दुकानातली मापे संपलेली असतात. शिवून घ्यायचे असेल तर ते दसऱ्याआधी टाकावे, कारण त्यानंतर शिंपी नवे माप घेताना आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आणि मग आपल्याकडे पाहतो.

आणि घरच्यांना गृहीत धरू नये. मुलगा चार दिवसांसाठी येतो, त्यांतले तीन बाहेर असतो, आणि आई चकलीच्या सोऱ्यापाशी एकटी बसते, हे दृश्य मी माझ्याच घरी निर्माण केले आहे. भाजणीचे पीठ मळण्यापासून नाही तरी निदान सोऱ्या दाबण्यापुरते एक सकाळभर घरी बसावे. चकली तुटते ती पीठ घट्ट झाल्यामुळे, आणि त्यावर पाण्याचा हात कधी लावायचा हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

परतीची बॅग

पुण्यातल्या सहकाऱ्यांनी शेंगा चटणी आणि चादर मागितलेली असते, आणि आपण दोघांनाही ‘आणतो की’ म्हटलेले असते. चादर जड असते. तीन चादरी घेतल्या की बॅगेत फराळाला जागा राहत नाही, म्हणून एकच न्यावी आणि बाकीच्या कुरिअरने पाठवाव्यात. उखळात कुटलेल्या शेंगा चटणीला तेल सुटते. ती पातळ पिशवीत बांधून चादरीवर ठेवली, की दौंड येईपर्यंत चादरीवर तांबूस डाग पडतो आणि तो नंतर जात नाही. चटणी स्टीलच्या डब्यात भरावी, झाकणाखाली कागद घालावा आणि डबा बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत, कडक भाकऱ्यांच्या शेजारी ठेवावा. भाकऱ्या मात्र वरच्या बाजूला ठेवाव्यात, कारण त्यांच्यावर काही ठेवले तर सहकाऱ्यांना भाकरीचा चुरा वाटावा लागतो.