हँडीकॅम घेताय? फॉरमॅट निवडताना या चुका टाळा

दुकानात हँडीकॅम हातात आला की बहुतेकजण आधी झूम खेचून बघतात. माझा आग्रह आहे की त्याआधी एक गोष्ट विचारा: यातलं शूटिंग बाहेर कसं काढायचं, आणि ते आपल्या घरच्या टीव्हीवर, लॅपटॉपवर चालेल का? सेकंड-हँड बाजारात कॅसेटवाले, डीव्हीडीवाले आणि कार्डवाले हँडीकॅम शेजारीशेजारी मांडलेले असतात. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, पण शूटिंग साठवण्याची प्रत्येकाची पद्धत, म्हणजे फॉरमॅट, वेगळी असते.

डीव्हीडीवाला स्वस्त पडतो म्हणून घेणं

ही चूक आमच्याच घरी झाली. भाच्याच्या मुंजीचं शूटिंग आम्ही ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कवर केलं. त्या डिस्कच्या एका बाजूवर १.४ जीबी, म्हणजे नेहमीच्या क्वालिटीत जेमतेम अर्धा तास मावतो. मातृभोजन चालू असतानाच डिस्क भरली. घाईघाईत ती काढून दुसरी घातली आणि पहिली 'फायनलाइझ' करायची (म्हणजे दुसऱ्या प्लेअरला वाचता येईल अशी बंद करायची) राहून गेली. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर जमले, तर प्लेअर डिस्क ओळखायलाच तयार नाही.

शूटिंग गेलं असं वाटून ताईचा चेहरा उतरला होता. पण असं झालं तर डिस्क टाकून देऊ नका. ज्या हँडीकॅमवर शूटिंग केलंय त्यातच ती परत घाला, चार्जर लावा (मध्येच बॅटरी संपायला नको) आणि मेनूतून फायनलाइझ करा. आम्ही तसंच केलं, आणि ताई लेकाला घास भरवतेय ते दृश्य आज आमच्याकडे आहे. ही छोटी डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये मात्र कधीही सरकवू नका, अडकून बसते. ट्रेवाला ड्राइव्हच लागतो.

मिनी डीव्ही घेताना फायरवायर न पाहणं

छोट्या डिजिटल कॅसेटचा, १९९५ पासूनचा हा फॉरमॅट चित्राला अजूनही छान आहे. पण पूर्ण दर्जाचं शूटिंग काढायला फायरवायर पोर्ट (व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवायची जुनी खाच) लागतो, आणि तो आजच्या लॅपटॉपवर नसतो. बऱ्याच मॉडेलच्या यूएसबीमधून फक्त फोटो येतात. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो आणि जागा जाते साधारण १३ जीबी. घरात जुन्या हाय-एट (८ मिलिमीटरच्या ॲनालॉग) कॅसेट पडून असतील तर त्याच आकाराच्या कॅसेटवर डिजिटल शूटिंग करणारा डिजिटल-एटचा हँडीकॅम शोधा. त्याची काही मॉडेल त्या कॅसेटही वाचतात. सगळी नाही, म्हणून आपली कॅसेट सोबत नेऊन दुकानातच लावून बघा.

एव्हीसीएचडीच्या नुसत्या क्लिपा उचलणं

सर्वांत जास्त नुकसान इथे होताना मी पाहिलंय. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने आणलेला हा एचडी शूटिंगचा फॉरमॅट लांबलचक शूटिंगचे आपोआप तुकडे पाडतो. लोक 'स्ट्रीम' फोल्डरमधले तुकडे तेवढे कॉपी करतात. मग सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो, गाणं चालू असेल तर ते लगेच कानाला खटकतं. शिवाय कार्ड फॉरमॅट केलं, म्हणजे पूर्ण पुसलं, की बऱ्याच हँडीकॅममध्ये फाइलींचे नंबर पुन्हा शून्यापासून सुरू होतात. नव्या क्लिपा जुन्याच फोल्डरमध्ये टाकताना 'रिप्लेस' दाबलं, की बारशाच्या जागी सहल येते! प्रत्येक वेळी तारखेचा नवा फोल्डर करा, त्यात कार्डावरचं सगळं जसंच्या तसं ठेवा आणि तुकडे कंपनीच्या सॉफ्टवेअरने जोडून घ्या.

अमेरिकेहून मागवणं

तिकडचे हँडीकॅम ६० हर्ट्झच्या हिशेबाने बनलेले, आपली वीज ५० हर्ट्झची. कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं. शटरचा वेग १/१०० सेकंदावर ठेवला की ते बरंचसं थांबतं, पण स्वस्तातल्या मॉडेलमध्ये शटर हाताने बदलताच येत नाही.

४के घेऊन जुनंच कार्ड वापरणं

४के म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी लागतात. ६४ जीबीच्या कार्डात दीड तासही मावत नाही. कार्डावर यू३ (वेगवान कार्डाची खूण) असं छापलेलं हवं, नाहीतर रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. विकत घेण्याआधी दोन मिनिटांची क्लिप आपल्या कार्डावर घेऊन घरच्या लॅपटॉपवर चालवून बघा. ती अडखळत चालली, तर त्याच हँडीकॅमच्या मेनूत फुल एचडी निवडता येतं का ते दुकानदाराला विचारून घ्या.