आयटीएफ खेळणाऱ्या मुलींनो, या चुका टाळा

गेली अकरा वर्षं मी पुण्यातून मुलींना घेऊन आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धांना जाते आहे. सोलापूर, नागपूर, नवी मुंबई, बंगळुरू, कधी ट्युनिशियातलं मोनास्तिर. जागतिक क्रमवारीत तीनशे ते हजारच्या मधे असलेल्या या मुली दिवसाचे पाच-सहा तास कोर्टवर असतात, लॉजच्या एका खोलीत तिघी राहतात, गटिंगचे, म्हणजे रॅकेटला नवी स्ट्रिंग बसवायचे, पैसे वाचवायला तुटेपर्यंत तीच स्ट्रिंग वापरतात. मेहनतीत कुठेही कमी नाहीत. तरी त्याच त्या चुकांपायी हातात आलेल्या मॅचेस जाताना बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्याला ‘मेंटल’ म्हणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मॅच हरून मुलगी बाहेर येते आणि म्हणते, “ताई, आज डोकंच चाललं नाही.” तिचे बाबा म्हणतात, “मॅडम, खेळ आहे हो तिच्याकडे, मेंटली कमी पडते.” एकदा हा शिक्का बसला की पुढे कोणी काही तपासतच नाही.

माझ्याकडे सतरा वर्षांची एक मुलगी होती. तिसऱ्या सेटमध्ये डबल फॉल्ट करायची, म्हणजे पहिली आणि सेकंड अशा दोन्ही सर्व्ह चुकून पॉइंट घालवायची, तेही नेमके ३०-३० ला किंवा ब्रेक पॉइंटला, स्वतःच्या सर्व्हिसचा गेम जायची वेळ आली की. घरच्यांनी वर्षभर सगळे उपाय केले. ध्यानाचं शिबिर झालं, रात्री डोळे मिटून मनात मॅच खेळणं झालं, बोटात खड्याची अंगठीसुद्धा आली. डबल फॉल्ट होते तिथेच. मीदेखील तिला “श्वास घे, मोकळी हो” एवढंच सांगत राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग सोलापूरला क्वालिफाइंगच्या, म्हणजे पात्रता फेरीच्या, एका मॅचला मी नेहमीसारखी बाजूला न बसता बेसलाइनच्या मागे कुंपणाच्या जाळीला टेकून उभी राहिले. वारा होता. तिसरा सेट सुरू झाला आणि मला दिसलं. पहिल्या सर्व्हिसचा टॉस, म्हणजे मारायला वर उडवलेला बॉल, उजव्या खांद्याच्या पुढे, जिथे हवा तिथेच पडत होता. सेकंड सर्व्हचा टॉस मात्र डोक्याच्या मागे डावीकडे जात होता, आणि ती जसजशी दमत होती तसतसा आणखी मागे. बॉल गाठायला तिला कमरेतून मागे वाकावं लागायचं, कोपर खाली यायचं आणि बॉल जाळीत. पहिले दोन सेट ती पाठीच्या जोरावर निभावून न्यायची. तिसऱ्यात पाठ साथ सोडायची. वर्षभर आम्ही मनाला औषध देत होतो आणि दुखणं टॉसमध्ये होतं. भीती होती, पण ती नंतर आलेली. ज्या सर्व्हिसवर भरवसा नाही ती ३०-३० ला करायची म्हटल्यावर पोटात गोळा येणारच.

टॉस जागेवर यायला चार महिने लागले. तेव्हापासून माझ्याकडे सरावाच्या शेवटी, पाय जड झाल्यावर, सेकंड सर्व्ह ६० वेळा मारायची असते. प्रत्येक सर्व्हच्या आधी स्कोअर मोठ्याने बोलायचा. सलग दोन चुकल्या की मोजणी वीसने मागे. मुली वैतागतात. काही जणी पंधरा दिवसांत अकादमी बदलतात, कारण दुसरीकडे सकाळी ताज्या दमाने टोपलीभर सर्व्ह मारता येतात आणि त्या सगळ्या सुरेख पडतात. सकाळच्या सर्व्हिसवरून मी कोणाचीही सर्व्हिस जोखत नाही.

मानसिक तयारीला माझा विरोध नाही. चांगला क्रीडा मानसशास्त्रज्ञ मिळाला तर जरूर जा. पण त्याच्याकडे जायच्या आधी तीन गोष्टी तपासा: सेकंड सर्व्ह, पाय आणि पोट. शेवटचं जेवण कधी झालं हे विचारल्यावर “सकाळी दोन केळी” असं उत्तर मी दुपारी तीनच्या मॅचनंतर कितीदा ऐकलंय.

मॅच चालू असताना क्रमवारीचा हिशोब

रॅली जिंकली तरी पॉइंट आणि क्रमवारीत मिळतो तोही पॉइंट. मुली कोर्टवर पहिला खेळायच्या ऐवजी दुसरा मोजत बसतात.

हिशोब डोक्यात का येतो ते मला कळतं. डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या, क्रमवारीत मिळवलेले पॉइंट ५२ आठवडे टिकतात, मग गळतात. एकेरीत वर्षातल्या सगळ्यात चांगल्या १८ स्पर्धा धरतात. डब्ल्यू ३५ ही आयटीएफच्या महिला स्पर्धांची एक पायरी. ती जिंकली तर ३५ पॉइंट, सेमी गाठली तर १४, क्वार्टरला ८, पहिल्या फेरीत हरलात तर शून्य. मेन ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धा, ३२ जणींचा, म्हणजे दर आठवड्याला १६ जणी एकेरीच्या पहिल्याच फेरीत बॅग भरतात. ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगमध्ये जायचं तर साधारण सव्वादोनशे-अडीचशेच्या आत यावं लागतं. घरच्यांनी घातलेला पैसा, वय, सगळं त्या आकड्याला बांधलेलं असतं.

गेल्या वर्षी माझी एक मुलगी डब्ल्यू ३५ च्या दुसऱ्या फेरीत ६-३, ४-१ ने पुढे होती. बॅकहँड डाऊन द लाइन, कडेच्या रेषेला धरून, असा बसत होता की समोरची तिथे पोचतसुद्धा नव्हती. मॅच हातात आली असं समजून मी बाजूच्या कोर्टवर दुसऱ्या मुलीकडे गेले. परत आले तेव्हा ५-५. बॅकहँड आता मधोमध पडत होता, समोरची दोन पावलं आत येऊन फटके मारत होती, आणि हिचे पाय जमिनीला चिकटले होते. समोरचीने बॉल मारायच्या क्षणी जी छोटी उडी घ्यायची असते, ती बंदच झाली होती. ५-७, २-६.

संध्याकाळी खोलीत बॅग आवरता आवरता ती म्हणाली, “ताई, ४-१ ला टॉवेल तोंडावर घेतला आणि हिशोब सुरू झाला. मागच्या वर्षी याच आठवड्यात सेमी होती. म्हणजे चौदा जाणार, आज जिंकले तर आठ येणार, सहाने खाली. मग उद्याची समोरची कोण ते आठवलं. ती दुसरी सीड, दुसरं मानांकन असलेली.” मॅच अजून दोन गेम लांब होती आणि ही मनाने उद्याच्या कोर्टवर हरूनही झाली होती.

माझ्या मुलींसाठी आता नियम असा आहे. हिशोब रविवारी संध्याकाळी, माझ्यासमोर, वहीत, अर्धा तास. मनसोक्त करा, रडायचं तर रडा. सोमवारपासून स्पर्धेतून बाहेर पडेपर्यंत लाइव्ह रँकिंगचं पान उघडायचं नाही आणि ड्रॉमध्ये स्वतःच्या पुढच्या मॅचपलीकडे बघायचं नाही. चेंजओव्हरला, बाजू बदलताना, ९० सेकंद मिळतात. पाणी पिऊन झालं की बॅगेतली चिठ्ठी वाचायची. तिच्यावर एकच ओळ असते, पुढच्या दोन गेममध्ये बॉल कुठे मारायचा तेवढी. डोकं रिकामं ठेवा असं सांगून ते रिकामं राहत नाही, त्याला काम द्यावं लागतं.

बाकीच्या, थोडक्यात

चूक झाली की घाईने पुढची सर्व्हिस करणं. दोन पॉइंटच्या मधे २५ सेकंद मिळतात, रागावलेली मुलगी त्यातले दहाच वापरते. पाठ फिरवा, स्ट्रिंग सरळ करा, टॉवेलपर्यंत चालत जा.

प्रत्येक पॉइंटनंतर कोचच्या तोंडाकडे बघणं. १ जानेवारी २०२५ पासून नियमांनी बाहेरून सूचना द्यायला मोकळीक दिली, तेव्हापासून ही सवय वाढली आहे. त्यात पुढच्या महिन्यात एकटीने मोनास्तिरला जायचं असतं. मी सेटमध्ये दोनदाच बोलते.

दुहेरी न खेळणं. मॅच मिळते, चार पैसे मिळतात, रिटर्न सुधारतो. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं ते मिश्र दुहेरीतच.

हरल्यावर इन्स्टाग्राम उघडणं. तुमच्यावर पैसे लावून बुडालेली माणसं तिथे वाट बघत असतात. डब्ल्यूटीए आणि आयटीएफच्या २०२४ च्या अहवालात ऑनलाइन शिवीगाळीपैकी ४० टक्के चिडलेल्या सट्टेबाजांची होती. आमच्याकडे हरल्यावर फोन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याकडे असतो. घरी फोन माझ्या मोबाइलवरून.

फ्रान्सच्या लोईस बुआसोंचं उदाहरण देऊन उतावीळ होणं. २०२५ मध्ये ३६१ व्या क्रमांकावरून वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशाने, आत आली आणि फ्रेंच ओपनची सेमी खेळली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आदल्या वर्षी, फ्रेंच ओपनच्या तोंडावर तिच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं आणि ती कित्येक महिने बाहेर होती, हे मात्र कोणी सांगत नाही. आपली अंकिता रैना पुण्यात सराव करून क्रमवारीत १६० पर्यंत पोचली ती २०२० मध्ये, २७ व्या वर्षी. एकोणिसाव्या वर्षी “ताई, माझं वय निघून चाललंय” म्हणणाऱ्या मुलींना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, आणि त्यांच्या आई-बाबांना त्याहून जास्त वेळा.

आणि सलग खेळत राहणं. हरल्या हरल्या लॉबीत बसून पुढच्या तीन आठवड्यांच्या एंट्री टाकणाऱ्या मुलींना वाटतं, एक चांगला आठवडा आला की सगळं भरून निघेल. माझ्याकडे तीन आठवडे खेळल्यावर चौथा घरी. त्यातले पहिले तीन दिवस रॅकेट कपाटात, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला कोर्टवर, ६० सेकंड सर्व्हपासून.