मॅथ ऑलिम्पियाडची तयारी करायचीय? मग आधी स्पीड विसरा

आधी एक गोंधळ मिटवू. शाळेतून वर्षभर ऑलिम्पियाड नावाच्या खाजगी परीक्षांचे फॉर्म येतात, त्या वेगळ्या, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. मी बोलतेय ते आयओक्यूएम (इंडियन ऑलिम्पियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स), मग आरएमओ (रीजनल मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड), मग आयएनएमओ (इंडियन नॅशनल मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड) या परीक्षांच्या साखळीबद्दल, जी मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रापर्यंत (होमी भाभा सेंटर) जाते, शेवटच्या ट्रेनिंग कॅम्पमधून सहा मुलं निवडली जातात आणि ती आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला भारताकडून जातात. २०२४ ला बाथमध्ये आपल्या टीमने चार गोल्ड आणली आणि देशांमध्ये चौथा नंबर आला, आणि ती मुलंही याच रस्त्याने गेली होती.

पहिली पायरी आयओक्यूएम. तीन तास, ३० प्रश्न, १०० मार्क, त्यातले दहा प्रश्न २ मार्कांचे, दहा ३ चे आणि दहा ५ चे. पर्याय नसतात, उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या असते आणि ती ओएमआरवर गोल रंगवून द्यायची, उत्तर ५ आलं तर ०५. निगेटिव्ह मार्किंग नाही. गेली काही वर्षं ही परीक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला होतेय म्हणून फॉर्मची चौकशी जूनपासूनच करत राहा, गणपतीत आठवण येऊन उपयोग नाही. कॅल्क्युलस लागत नाही. नंबर थिअरी म्हणजे पूर्ण संख्यांचे गुणधर्म, अल्जेब्रा, भूमिती आणि कॉम्बिनेटोरिक्स म्हणजे मोजणी-मांडणीचं गणित, बस एवढे चार भाग.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडची हुशार मुलं स्कॉलरशिपच्या तयारीतून आलेली असतात, तिथे एक मिनिटात गणित सुटलं पाहिजे अशी सवय लागते, आणि ऑलिम्पियाडला नेमकी तीच सवय आडवी येते. एक साधं उदाहरण घ्या. अशा सगळ्या नैसर्गिक संख्या शोधा ज्यांच्या वर्गात २० मिळवले की परत पूर्ण वर्ग येतो. स्कॉलरशिपवालं मूल १, २, ३ करत ४ वर येतं, १६ अधिक २० बरोबर ३६, सुटलं, पुढचं गणित. पण प्रश्नात "सगळ्या" म्हटलंय ना! ४ सोडून दुसरी नाहीच हे कशावरून? मोठ्या वर्गाचं मूळ अ धरा, लहानाचं ब, म्हणजे (अ−ब)(अ+ब) = २०. आता अ−ब आणि अ+ब यांच्यात २ब चा फरक, म्हणजे दोन्ही सम नाहीतर दोन्ही विषम. २० चे तुकडे १×२०, २×१०, ४×५, यातला फक्त २×१० चालतो, तिथून अ=६, ब=४, आणि आता खरंच संपलं.

इथे थांबू नका, २० च्या जागी २०२६ घाला. १×२०२६ आणि २×१०१३ एवढेच तुकडे पडतात आणि दोन्हीत एक सम एक विषम, म्हणजे अशी एकही संख्या नाही. मग कुठल्या संख्यांच्या बाबतीत असं होतं? ४ ने भागून बाकी २ उरते अशा प्रत्येक संख्येच्या बाबतीत, का ते स्वतः शोधा. एका गणितातून असं तीन गणितं काढणं म्हणजेच तयारी, गाईडमधली शंभर सोडवण्यापेक्षा यातून जास्त मिळतं असं माझं ठाम मत आहे.

रोजचं कसं करायचं तर होमी भाभा सेंटरच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत, ते घ्या, एक गणित निवडा आणि किमान पाऊण तास उत्तर बघू नका. काहीच सुचत नसेल तर छोटे आकडे घालून बघा, आकृती मोठी आणि नीट काढा, जे सिद्ध करायचंय त्याच्या उलटं धरून बघा. तरी अडलं तर उत्तराची पहिली ओळ तेवढी वाचा आणि बंद करा. पूर्ण उत्तर वाचावंच लागलं तर दुसऱ्या दिवशी न बघता अख्खं लिहून काढा, आणि अडलेल्या गणितांची एक वेगळी वही ठेवा, त्यात आपण नेमकं कुठे अडलो हे एका ओळीत लिहा. महिनाभराने तीच गणितं परत.

भूमितीत स्टेट बोर्डाच्या मुलांचा पाया बरा असतो, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका प्रमेय, समरूपता हे दहावीच्या पुस्तकात सिद्धतेसकट आहे, तेच आठवी-नववीत पक्कं करून टाका. कॉम्बिनेटोरिक्सला मात्र शाळेचा आधार जवळजवळ नाही, तिथे पिजनहोलपासून (खोक्यांपेक्षा वस्तू जास्त असतील तर एका तरी खोक्यात दोन येणारच, हे तत्त्व) सुरुवात करा आणि वेळ जास्त द्या. मराठी माध्यमाच्या मुलांनी प्राइम, डिव्हायझर, इनसेंटर असे शब्द आधीच ओळखीचे करून घ्यावेत, पेपरात वाचताना अडायला नको.

आरएमओपासून खेळ बदलतो, तीन तासांत फक्त सहा गणितं आणि उत्तरापेक्षा सिद्धता तपासतात. म्हणून आयओक्यूएमची तयारी चालू असतानाच आठवड्यातून दोन गणितं तरी पूर्ण वाक्यांत लिहा आणि कुणाला तरी वाचायला द्या, मित्र चालेल, सर चालतील, त्यांनी प्रत्येक ओळीला "हे कशावरून?" विचारायचं. पुण्याच्या आसपास असाल तर भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये चौकशी करा, तिथे ऑलिम्पियाडचं मार्गदर्शन बऱ्याच वर्षांपासून चालतं.

आईबाबांसाठी एकच, मूल तासभर एकाच गणितावर बसलं आणि पानावर काही नाही असं दिसलं तर "किती झाली?" विचारू नका, काय काय करून बघितलं ते विचारा आणि ते सांगत असेल तर पूर्ण ऐका, गणित तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, सांगता सांगता पुष्कळदा त्यालाच पुढची पायरी दिसते.