टीम लीड झालात? मग रोज दहा मिनिटं जिन्यात बसा

ऐरोलीच्या ऑफिसात मला टीम लीड केलं तेव्हा हाताखाली अकरा जण आले आणि महिन्याभरात माझा आवाज चढला. एकदा घरून फोनवर बोलत होतो, तर बायको म्हणाली, "कोणाला एवढं झापतोयस?" मला वाटत होतं, मी नीट समजावतोय.

आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट. सकाळची 'शांत वेळ', शास्त्राचा उतारा, प्रार्थना हे लहानपणापासूनचं. पण ते घरापुरतं. ठाण्याला नऊ नंबरवरून वाशी लोकल धरली की मी दुसराच माणूस.

मार्ग दाखवला तो ऑफिसातल्या वसईच्या एका कॅथलिक ताईंनी. त्यांनी जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याची गोष्ट सांगितली. तो मूळचा शिपाईगडी. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं, की शौर्याची आणि प्रेमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मागाहून मन कोरडं पडतं. संतांच्या वाटेने जायचा विचार केला की आनंद मागे टिकतो. मनात काय येतं यापेक्षा ते काय ठेवून जातं, हे बघायची सवय त्याला तिथे लागली. त्यातूनच त्याचं आत्मपरीक्षण आलं: आधी आभार, मग प्रकाश मागायचा, दिवस क्रमाने डोळ्यांपुढून न्यायचा, चुकलं तिथे क्षमा, आणि पुढचं पाऊल. दुपारी एकदा, रात्री एकदा.

मी दुपारचं धरलं. आमच्या मजल्यावरचा फायर एक्झिटचा जिना, तिसरी पायरी. फोन डेस्कवर.

चौथ्याच दिवशी सापडलो. सकाळी एका नव्या मुलीला चुकीच्या एन्ट्रीवरून सगळ्यांदेखत बोललो होतो. सकाळ मागे नेत गेलो, तर त्याआधी वीस मिनिटं मॅनेजरची एक ओळीची मेल येऊन पडली होती: आकडे कुठे आहेत? चूक तिची होती, राग मात्र त्या मेलचा. जिन्यावरून उठलो आणि सगळ्यांदेखतच माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे सर, एन्ट्री दुरुस्त केलीये." संपलं. तिच्यापेक्षा मलाच जड गेलं.

नव्या लीडने दोन गोष्टी सांभाळाव्यात. जिन्यात जे दिसलं ते टीमवर वापरू नका. "प्रार्थनेत मला असं वाटलं" म्हणून कोणाची शिफ्ट किंवा रेटिंग ठरवलं, तर समोरच्याने वाद कोणाशी घालायचा? देवाशी? रेटिंगला कारण कामातलंच द्या. आणि वेळ मिळाला की बसू, असं म्हणू नका, मिळत नाही. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशू पहाटे एकांतात जातो, तर शिमोन आणि सोबती शोधत येतात, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणून. त्यालाही अंधार असतानाच उठावं लागलं होतं.

पहिले काही दिवस नुसतीच झोप येते किंवा घरचा किराणा आठवतो. चालतं. सिक्युरिटीवाले काका पहिल्या आठवड्यात दोनदा विचारून गेले, "साहेब, तब्येत बरी आहे ना?" आता तीनच्या सुमारास कोणी सिगारेट ओढायला जिन्यात यायला निघालं, की तेच त्याला खालच्या मजल्यावर धाडतात.